कम्युनिटी कॉलेज म्हणजे 'ढ' मुलांचं कॉलेज?

"कुठेच नंबर लागला नाही, म्हणून कम्युनिटी कॉलेज." सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी घरांत हे वाक्य चहासोबत फिरतं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं. कूपर्टिनोचं डी आन्झा कॉलेजच घ्या, १९६७ सालचं. प्रवेशाला कटऑफ नाही हे खरं. गैरसमज तिथूनच उगवतो.

पण इथे ९० क्वार्टर युनिट्स (साधारण तीन महिन्यांच्या सत्रांतले श्रेयांक), ठरलेले विषय आणि ग्रेड जमवले, की डेव्हिस, अर्व्हाइन, सांता क्रूझसारख्या यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसपैकी एकात हमीचा प्रवेश मिळू शकतो. अर्ज मात्र सप्टेंबरातच करायचा. तो महिना हुकला की हमी गेली! यूसीचेच बर्कली आणि यूसीएलए (लॉस एंजेलिस) या यादीत नाहीत, तिथे स्पर्धाच. डी आन्झात राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे फी ३१ डॉलर. आणि पदवीवर नाव फक्त विद्यापीठाचं.