सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारा भारतातील व्यावसायिक वाद्यवृंद. मुंबईत नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’ या कलासंस्थेत त्याचे ठाणे आहे. संस्थेचे अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारत बिसेंगालिएव यांनी तो २००६ मध्ये उभा केला.

मुंबईत असे प्रयत्न आधीही झाले होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. जगद्विख्यात वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी रागदारीवर बेतलेल्या रचनांसाठी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा बांधला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पण वादकांचे, विशेषतः गोव्याहून आलेल्यांचे, पोट चालत होते ते हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगवर. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनचे भरगच्च तुकडे येतात, त्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा यांचे संगीत संयोजन आहे. सोलापुरात घरोघरी रेडिओवर हीच गाणी वाजली. त्यामुळे हा नाद इथल्या कानाला अगदीच परका नाही.

फरक जाणवतो तो प्रत्यक्ष ऐकताना. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम असला की आवाज स्पीकरमधून येतो. सिम्फनीला, म्हणजे अशा मोठ्या वाद्यवृंदाच्या संगीताला, सहसा माइक नसतो. सभागृह भरायचे ते वादकांच्या संख्येवर आणि एकजिनसीपणावर, म्हणून व्हायोलिनवादक सर्वांत जास्त. दोघांत एक स्वरलिपीचा स्टँड असतो; पान संपत आले की आतल्या बाजूचा, म्हणजे प्रेक्षकांपासून दूरचा, वादक वाजवणे क्षणभर सोडून ते उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. गज वर न्यायचा की खाली, याच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या असतात आणि पूर्ण रांगेचे गज एकाच दिशेने फिरतात. सुरुवातीला ओबो या फुंकीच्या वाद्याचा वादक एक स्वर धरतो आणि सगळे त्याला वाद्ये मिळवतात.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम सोलापूरच्या वरातींत नि मिरवणुकांत वर्षानुवर्षे वाजत आले आहेत. फुंकीच्या वाद्यांवर बसलेला हात इथे आहे. उणीव आहे ती स्वरलिपी वाचण्याच्या आणि तंतुवाद्यांच्या लहानपणापासूनच्या तालमीची. हीच उणीव देशभर असल्यामुळे या वाद्यवृंदात कझाकस्तान आणि इतर देशांचे वादक मोठ्या संख्येने आहेत, भारतीय कमी. त्यावर टीका होते आणि ती रास्तही आहे. पण उपायही संस्थेनेच सुरू केला: २०१२ पासून तिच्या संगीत अकादमीत मुलांना पद्धतशीर शिक्षण मिळते. वाद्यवृंदाच्या सगळ्या कामात हे काम सर्वांत मोलाचे मानावे लागेल.

भारतीय संगीताशी सांधा जोडणारी त्याची ठळक रचना म्हणजे झाकीर हुसेन यांची ‘पेशकार’. तबला आणि वाद्यवृंदासाठी ती वाद्यवृंदानेच लिहवून घेतली आणि २०१५ मध्ये प्रथम सादर केली. वाद्यवृंद कागदाला बांधलेला, तबल्याला मात्र उपजेसाठी, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यासाठी, मोकळी जागा. एकमेकांना वाट देत दोघे पुढे जातात. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही ही रचना झाकीर हुसेन यांच्यासह वाजली.

मुख्य कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. वर्षाचे दोन हंगाम साधारणपणे फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला रसिक सकाळी मुंबईत उतरतो आणि संध्याकाळचा कार्यक्रम त्याला सहज गाठता येतो.