आधी लस, मग पिसू

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांच्याकडे तापानं फणफणलेले, जांघेत किंवा काखेत गाठ आलेले रुग्ण येऊ लागले. मूळचे गोव्याचे असलेले हे डॉक्टर महापालिकेचे सदस्यही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी पालिकेच्या बैठकीत उघडपणे सांगितलं. बंदरावर जगणाऱ्या शहरात असं बोलायला धैर्य लागतं. प्लेगचं नाव घेतलं की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना दारं लावणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. तिथून रोज हजारो लोक जातात, पण तो कोणाचा हे फार थोड्यांना ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं.

प्लेगचा जंतू तोवर सापडला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांनी तो शोधला. म्हणजे शत्रूची ओळख पटली होती, पण तो माणसाच्या अंगात कुठून शिरतो हे कळलेलं नव्हतं. मुंबईचा पुढचा सगळा इतिहास या एका अज्ञानाभोवती फिरतो. लस तयार करायला जंतू हातात असला की पुरतं. लोकांना काय काळजी घ्यायची हे सांगायचं, तर त्याची वाट माहीत असावी लागते.

वाट माहीत नसल्यामुळे पालिकेनं जुन्या समजुतीचा आधार घेतला. रोग घाणीतून, कुबट हवेतून येतो, म्हणून गटारं धुवा. कार्बोलिक अॅसिड हे जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी लाखो गॅलनांनी गटारांत सोडलं गेलं. घरांना चुना मारला, ऊन आत यावं म्हणून कौलं काढली, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा केल्या. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवण्याची सक्ती झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारनं करोनासाठी हाच कायदा लागू केला. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईतले लाखो लोक गावाकडे निघून गेले होते, आणि त्यांच्या बोचक्यांतून, धान्याच्या पोत्यांतून रोगही बाहेर पडत होता. पुण्यात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत.

गटारं धुण्यानं फायदा तर झाला नाहीच, उलट नुकसान झालं असावं. गटारांतले उंदीर कार्बोलिकच्या लोंढ्यानं बिळं सोडून घरांत शिरले असणार. प्लेग उंदराच्या अंगावरून येतो हे तेव्हा कोणाला ठाऊक असतं, तर हे पाणी कोणी सोडलं नसतं.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले हे संशोधक १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला जागा मिळाली ती जेमतेम, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. पहिली लस तयार व्हायला साधारण तीन महिने लागले.

ती बनवण्याची रीत सांगण्यासारखी आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस वापरत. हाफकिननी बकऱ्याचं मांस घेतलं, म्हणजे हिंदूंची अडचण नको आणि मुसलमानांचीही नको. हा रस चंबूत भरून त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून वाढतात आणि रसात खाली लोंबणारे बारीक धागे तयार होतात. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसतात आणि थेंबांखाली नवे वाढू लागतात. असं महिनाभराहून जास्त काळ करत राहायचं. या लोंबत्या धाग्यांचा दुसराही उपयोग होता. ते दिसले म्हणजे चंबूत प्लेगचाच जंतू वाढतोय याची खूण पटायची. मग सगळं ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी थोडं कार्बोलिक घालायचं. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याच्या अंगावरचे रेणू आपलं शरीर ओळखून ठेवतं. पुढे जिवंत जंतू अंगात शिरला, तर त्याला रोखण्याची तयारी शरीरात आधीच झालेली असते. लसीला वाट माहीत असण्याची गरज नसते ती यामुळे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याहून बरीच जास्त. सडकून ताप आला आणि दंड सुजला, पण ते बरे झाले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांना लस दिली. ते साधारण दीडशे होते. राहिलेल्या पावणेदोनशेच्या आसपास कैद्यांना दिली नाही. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि त्यातले ६ गेले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही. आजचा संख्याशास्त्रज्ञ इथे लगेच थांबवेल, आणि ते योग्यच आहे. आकडे लहान आहेत. शिवाय पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असतील, तर फरक लसीमुळे पडला असं कसं म्हणायचं?

हा आक्षेप हाफकिन यांनाही दिसत होता. म्हणून १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचलं आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. टोचलेले ५१३ होते. त्यांतले ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेले ४३७ होते. त्यांतले २७ आजारी पडले, २६ दगावले. माझ्या मते उंढेऱ्याची ही आखणी लसीइतकीच मोलाची आहे. तुलना घराच्या आत झाल्यामुळे गरिबी, वस्ती, गर्दी हे सगळे फरक गळून पडले. अर्थात त्या न टोचलेल्या माणसांचं काय झालं, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही. आजच्या नीतिसमित्यांसमोर ही योजना अशीच्या अशी टिकली नसती.

सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगाचा निष्कर्ष तोलून मांडलेला होता: लस रोगाचं आणि मृत्यूचं प्रमाण नक्की घटवते, पण पूर्ण संरक्षण देत नाही आणि पहिले काही दिवस तर तिचा आधार नसतोच. लोकांना हे इतक्या सरळपणे सांगितलं की त्यांना ते समजतं, असा माझा अनुभव आहे. लस घ्यायला लोक कचरत त्याची कारणंही खरी होती. एक-दोन दिवस ताप येई, हात सुजे, आणि रोजावर जगणाऱ्याची मजुरी बुडे. खोजा समाजाचे धर्मगुरू, तरुण आगा खान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, प्रयोगशाळेला आपली इमारत दिली, आणि हजारो खोजा त्यांच्या मागून आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

आणि पिसू? पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवेमार्फत जातो. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी हा धागा उचलला आणि १९०५ पासून परळला प्लेग संशोधन आयोगाचे प्रयोग सुरू झाले. पिसवा असलेल्या खोलीत गिनिपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातले मेले. पिसूला उडी मारून पोचता येणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. बारीक जाळी लावलेल्या पिंजऱ्यातलेही वाचले. हवा तर सगळ्यांची एकच होती! कुबट हवेचा सिद्धांत तिथे संपला. आपल्याकडच्या खेड्यांत मात्र उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालत. मेलेल्या उंदराला सोडून भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात, त्यामुळे घरापासून दूर जाणं हाच त्या काळचा सर्वांत योग्य सल्ला होता.

करोनाची वाट नीट कळली नव्हती तेव्हा, २०२० मध्ये, आपण भाजी साबणानं धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, इमारतींचे जिने फवारले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. मुख्य वाट हवेची होती. खिडक्या उघडा, हा सल्ला आधी मोठ्यानं द्यायला हवा होता. लस मात्र १६ जानेवारी २०२१ पासून टोचली जात होती, परळच्या केईएम रुग्णालयातही, हाफकिन संस्थेपासून जवळच.

लस वाटेवर अवलंबून नसली तरी तिची बाटली असते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून दिलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पण पुरावा वेगळं सांगत होता. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर तिला उग्र वास आला असता. तो आला नव्हता. विषही आधीच साठलेलं असतं, तर लक्षणं लवकर दिसली असती. ती दिसली साधारण आठवड्यानंतर. म्हणजे घाण उघडताना शिरली. हिवताप डासातून पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर त्यांची उमेदीची वर्षं आणि पंजाबातला लसीवरचा विश्वास, दोन्ही गेले होते.

२०२१ मध्ये कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. सिरिंज एकदा दाबली की दट्ट्या मागे येत नाही, त्यामुळे ती दुसऱ्याला वापरताच येत नाही. संध्याकाळी केंद्रावर दोनच माणसं उरली की सिस्टर नवी कुपी न फोडता थांबत, आणखी कोणी येतंय का बघत, आणि रांगेतले लोक चिडत. वाया जाणाऱ्या मात्रांचे आकडे तेव्हा बातम्यांत गाजत होते. चार तासांनी उरलेली लस फेकून देण्याचा तो नियम का आहे, हे मात्र त्या बातम्यांत क्वचितच सांगितलं गेलं.