शेजाऱ्याचं झाड धोकादायक झालंय? अर्ज कुठे आणि कसा करायचा

शेजारच्या आवारातली फांदी तुमच्या पत्र्यावर टेकली असेल किंवा अख्खं झाडच घराकडे कललं असेल, तर आधी एक गोष्ट ठरवा: हा त्रास आहे की धोका? पानांचा कचरा, अडलेला उजेड हा त्रास. पोकळ खोड, मुळाशी उचललेली माती, डोक्यावरची वाळकी फांदी हा धोका. दोन्हींसाठी दारं वेगळी आहेत आणि चुकीच्या दारात अर्ज दिला की पावसाळा निघून जातो.

फांदी तुमच्या हद्दीत आली असली तरी शहरात स्वतः कोयता चालवू नका. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ व्यापक आहे. जाळणं, छाटणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. मुळाशी ॲसिड ओतणं हाही गुन्हाच.

परवानगीचा अर्ज झाड ज्याच्या जमिनीत आहे त्याने, म्हणजे मालकाने किंवा भोगवटादाराने, वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मोठ्या महापालिकांत हे काम उद्यान विभाग पाहतो. झाड सोसायटीच्या आवारात असेल तर अर्ज सोसायटीने करायचा, सोबत ठराव जोडून. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे शेजाऱ्याला लेखी पत्र, आणि त्याची पोच. तोंडी बोलणं जरूर करा, पण पुढे कामी येतो तो कागदच.

शेजारी ऐकत नसेल तर तुम्ही वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार द्या आणि पाहणीची मागणी करा. पाहणीत धोका दिसला तर महापालिका मालकाला नोटीस काढू शकते. तक्रारीला तारखेसह फोटो, झाडाची जागा दाखवणारा साधा नकाशा, तुमच्या घराची कर पावती, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि शेजाऱ्याला दिलेल्या पत्राची प्रत जोडा. झाड नेमकं हद्दीवर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. त्याशिवाय मालकीचा वाद मिटत नाही. आणि मनापासून सांगतो, जिथे छाटणीने भागतं तिथे तोडणी मागू नका. छाटणीला शेजारी लवकर तयार होतो, आणि झाडही वाचतं.

झाड पडून माणसांना इजा होण्याची शक्यता असेल तर आणखी एक भक्कम मार्ग आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133). तालुक्यात तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, प्रांत उपविभागीय दंडाधिकारी. ते मालकाला सशर्त आदेश देतात: अमुक मुदतीत झाड काढा किंवा त्याला आधार द्या, नाहीतर हजर राहून हरकत सांगा. हरकत आली तर चौकशी 90 दिवसांत, कारणं नोंदवून फार तर 120 दिवसांत संपवायची असते. धोका अगदी डोक्यावर असेल तर कलम 161 खाली चौकशी चालू असतानाच तातडीचे उपाय मागता येतात. अर्जात ही मागणी वेगळी लिहा, कारण ती न लिहिल्याने राहून जाते. केवळ कचरा आणि उजेडाच्या तक्रारीसाठी मात्र हे कलम नाही.

तारांवर टेकलेल्या फांदीसाठी वीज कंपनीचा 1912 क्रमांक, मुंबईत झाड कोसळत असेल तर महापालिकेचा 1916.

गावात 1964 चा झाडे तोडणे (विनियमन) कायदा लागू होतो. साग, आंबा, फणस, चिंच अशी अनुसूचीतली झाडं आपल्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

निव्वळ त्रासासाठी शेवटी दिवाणी न्यायालय उरतं. विशिष्ट साहाय्य अधिनियमाखाली मनाई हुकूम मागता येतो आणि पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंती करता येते. पण दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज जरूर करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही. वकील हवा असल्यास महिलांना तो उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.