श्लंबर्जर कंपनीची अल्पकालीन तरलता

तेलक्षेत्र सेवा पुरवणाऱ्या श्लंबर्जर या कंपनीची वर्षभराच्या आत फेडावयाची देणी वेळेवर भागवण्याची क्षमता आणि त्या क्षमतेत गेल्या दीड दशकात झालेले बदल हा या नोंदीचा विषय आहे. कंपनीची स्थापना कॉन्राड व मार्सेल श्लंबर्जर या बंधूंनी 1926 मध्ये पॅरिस येथे केली, आणि 1927 मध्ये अल्सेसमधील पेशेलब्रॉन येथे तेलविहिरीचे पहिले विद्युत आलेखन, म्हणजे विहिरीतील खडकांच्या विद्युत रोधाची खोलीनुसार नोंद, याच कंपनीने केले. ऑक्टोबर 2022 पासून ती एसएलबी या नावाने ओळखली जाते.

तरलता मोजण्यासाठी चालू मालमत्तेला (रोख आणि वर्षभरात रोखीत बदलणारी मालमत्ता) चालू देण्यांनी (वर्षभरात फेडावयाची देणी) भागून येणारे चालू गुणोत्तर सर्वाधिक वापरले जाते. मालसाठा वगळून काढलेले द्रुत गुणोत्तर आणि केवळ रोख व अल्पमुदतीच्या गुंतवणुकींवर आधारलेले रोख गुणोत्तर हे त्याहून कडक निकष होत. या व्यवसायात द्रुत गुणोत्तराकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण विंधनाच्या अवजारांचे सुटे भाग, पाती व रसायने यांचा साठा मोठा असतो आणि मंदीत त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

चालू मालमत्तेतील सर्वांत मोठा भाग ग्राहकांकडील येणी हा असतो. विहिरीवरील काम संपले की तेल कंपनीचा प्रतिनिधी कामाच्या पावतीवर सही करतो, त्यानंतर बिल तयार होते, आणि पैसे हाती येईपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात. सिमेंट, डिझेल, वाहतूक आणि कामगारांचे पगार यांचा खर्च मात्र तोवर होऊन गेलेला असतो. म्हणून तेजीत काम वाढते तसे खेळते भांडवल अडकत जाते, आणि मंदीत नवे काम घटून जुनी येणी वसूल होऊ लागली की काही काळ रोख उलट मोकळी होते. तेलाचा भाव आणि तरलता एकाच दिशेने चालतात हा समज त्यामुळे फसवा ठरतो.

2010 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागात, तेलाचा भाव बॅरलला 100 डॉलरच्या आसपास असताना, कंपनीचे चालू गुणोत्तर दीडाच्या वर होते. 2010 मधील स्मिथ इंटरनॅशनल या विंधन-अवजारे बनवणाऱ्या कंपनीचे संपादन समभागांच्या बदल्यात झाल्यामुळे रोख साठ्यावर त्याचा फारसा भार पडला नाही. 2014 च्या मध्यानंतर भाव कोसळले आणि 2016 च्या आरंभी ते 30 डॉलरखाली गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅमेरॉन या उपकरणनिर्मात्या कंपनीचे संपादन पूर्ण झाले, आणि त्याच्या किमतीचा काही भाग रोखीने द्यावा लागला. पुढे गुणोत्तर घसरत गेले, आणि 2018 ते 2021 या चारही वर्षांच्या अखेरीस ते 1.2 च्या आसपास राहिले.

येणी कागदावर असणे आणि ती वसूल होणे यांतील अंतर व्हेनेझुएलात सर्वांत ठळकपणे दिसले. तेथील सरकारी तेल कंपनीला श्लंबर्जरने 2013 मध्ये 100 कोटी डॉलरची पतमर्यादा दिली होती. थकबाकी वाढत गेल्यावर 2017 मध्ये 70 कोटी डॉलरची येणी तीन वर्षांच्या वचनचिठ्ठ्यांत रूपांतरित करण्यात आली, परंतु त्यांचे वाजवी मूल्य दर्शनी रकमेपेक्षा पुष्कळ कमी धरावे लागले. आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत व्हेनेझुएलातील गुंतवणुकीपोटी 93.8 कोटी डॉलर निर्लेखित झाले, म्हणजे तोटा म्हणून हिशेबातून वजा करावे लागले. थकलेले बिल आणि महिनाभरात मिळणारे बिल यांना चालू गुणोत्तर सारखेच वजन देते, ही या मापाची खरी उणीव होय.

2020 च्या कोविड साथीच्या काळात कंपनीने तिमाही लाभांश प्रतिसमभाग 50 सेंटवरून 12.5 सेंटवर आणला. त्यातून वर्षाला सुमारे 200 कोटी डॉलरची रोख वाचणार होती. त्याच वर्षी 21,000 हून अधिक नोकऱ्या कमी करण्यात आल्या. पण नोकरी सोडणाऱ्यांना द्यावयाच्या रकमेचा खर्चच सुमारे 100 कोटी डॉलर होता, म्हणजे बचतीसाठी उचललेले हे पाऊल आधी रोखच खाणारे होते. एवढ्या धक्क्यातही गुणोत्तर 1.2 च्या पातळीवर टिकले, याचे कारण वसूल होणाऱ्या येण्यांत आणि आटोक्यात ठेवलेल्या अल्पमुदतीच्या कर्जात शोधावे लागते. 2022 नंतर ते पुन्हा चढू लागले आणि 2024 च्या अखेरीस 1.4 च्या वर पोहोचले.

वर्षअखेरचा ताळेबंद पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बरेच ग्राहक डिसेंबरात बिले चुकती करतात, आणि कर्मचाऱ्यांचे वार्षिक प्रोत्साहन भत्ते पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत दिले जातात. त्यामुळे डिसेंबरअखेरचे चित्र मार्चअखेरच्या चित्रापेक्षा सहसा उजळ असते. बँकांनी मंजूर केलेली पण न उचललेली पतमर्यादाही गुणोत्तरात धरली जात नाही, तरी अडचणीच्या महिन्यात देणी भागवण्यासाठी प्रत्यक्षात तिचाच आधार असतो.