थंडीतला श्वास: आधी हवा मोजा, मग यंत्र घ्या

इंग्लंडमधल्या लंडन, स्विंडनसारख्या शहरांत राहणाऱ्या गोमंतकीयांची डिसेंबर-जानेवारीत एक तक्रार असते: सकाळी उठावे तर नाक आतून सुकलेले, घसा खवखवणारा आणि दमा असेल तर पहाटेपासून छातीत घरघर. तिकडचा रूढ उपाय, म्हणजे खोलीत बाष्प सोडणारा ह्युमिडिफायर, आता गोव्यातल्या घरांतही दिसू लागला आहे. तो विकत घेण्यापूर्वी आपल्या हवेचा हिशेब मांडणे मला फार आवश्यक वाटते.

हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. एक घनमीटर हवेत ० अंश सेल्सिअसला सुमारे ५ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम आणि शरीराच्या ३७ अंशांना ४४ ग्रॅम बाष्प मावू शकते. त्यामुळे थंड देशातली बाहेरची ० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी बंद खोलीत हीटरने २० अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. फुप्फुसांत खोलवर मात्र हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने संपृक्त होऊनच पोहोचते. बाष्पाची ही तूट नाकाचे व श्वासनलिकांचे ओले अस्तर भरून काढते. विश्रांतीच्या अवस्थेतही आपण दिवसाला सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अस्तरावर पडणाऱ्या भाराची कल्पना येईल.

या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू, म्हणजे केसल, असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून धूळ आणि जंतू अडकलेला श्लेष्मा, म्हणजे अस्तरावरचा चिकट स्राव, घशाकडे ढकलत राहतात. ओल कमी झाली की श्लेष्मा घट्ट होतो, केसलांची गती मंदावते आणि कफ जागच्या जागी चिकटतो. दमेकऱ्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. अस्तरावरच्या पातळ द्रवातील पाणी उडून क्षारांचे प्रमाण वाढले की तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्याला हा त्रास अधिक होतो, कारण हवा ओली करण्याचे मुख्य काम नाकाचे असते.

आता गोव्याकडे पाहू. जानेवारीत पणजीचे रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि किनारपट्टीच्या हवेत त्या वेळी घनमीटरमागे बहुधा १२ ग्रॅमांहून अधिक बाष्प असते, म्हणजे हीटर लावलेल्या त्या विलायती खोलीच्या दुपटीहून जास्त. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत पूर्वेचा वारा सुटला की दुपारची हवा बरीच कोरडी होते, तर दिवसभर एसी चालणाऱ्या कार्यालयांतही आर्द्रता घटते. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी हे त्या खोलीतलेच बाष्प असते. तरीही थंडीत गोव्यात श्वास लागण्याचे कारण प्रत्येक वेळी कोरडेपणाच असेल असे नाही. पावसाळाभर पेटीत बंद राहिलेल्या गोधड्या आणि कांबळी डिसेंबरात थेट अंथरुणावर येतात, आणि त्यांतली बुरशी व धूलिकीटक (धुळीत वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे) झोपणाऱ्याच्या नाकाशी असतात. सकाळी परसात पेटवलेला पाचोळा आणि न्हाणीघरातल्या चुलीचा धूर यांचीही त्यात भर पडते.

म्हणून आधी आर्द्रतामापक आणावा. हे छोटे उपकरण स्वस्त असते. झोपण्याच्या खोलीत काही दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा पाहावा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर यंत्राची गरज नाही. ५० टक्क्यांच्या वर धूलिकीटकांना हवे तसे वातावरण मिळते, ६० टक्क्यांच्या पुढे बुरशी वाढू लागते, आणि अशा खोलीत ह्युमिडिफायर लावणे म्हणजे दमा ओढवून घेणे होय. आकडा खरोखरच ३५ च्या खाली जात असेल तर यंत्र जरूर वापरावे, पण पाणी रोज बदलून, टाकी घासून, कोरडी करून. टाकीच्या पाण्यात जंतुनाशक कधीही घालू नये. दक्षिण कोरियात अशाच द्रावणांमुळे अनेकांची, त्यांत लहान मुले आणि गरोदर स्त्रियाही होत्या, फुप्फुसे निकामी झाली आणि २०११ साली त्याचे कारण उघड झाले.

नाक सुकत असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब किंवा फवारा हा सर्वांत साधा उपाय आहे. घरी नाक धुवायचे असेल, तर पाणी उकळून गार केलेलेच हवे. नाकात खोबरेल ओतण्याची सवय मात्र सोडावी. तेल फुप्फुसांत उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो, आणि लहान मुले व वृद्ध यांच्यात हा धोका जास्त असतो. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे भांडे मुलांसमोर ठेवू नये. गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. पहाटे फिरायला किंवा दुचाकीवर निघताना नाकातोंडावर पातळ रुमाल बांधावा, म्हणजे उच्छ्वासातली ओल त्यात राहते आणि पुढच्या श्वासाला मिळते.

दमेकऱ्याने डॉक्टरांनी दिलेला नियमित इनहेलर बरे वाटले म्हणून थांबवू नये. रात्री श्वास लागून वारंवार जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलर घेऊनही आराम पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.