कॅलिफोर्नियात मेडिकल असिस्टंट म्हणून काम करण्यासाठी: पात्रता, प्रशिक्षण आणि कागदपत्रे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, विशेषतः भारतात बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेल्यांकडून, मेडिकल असिस्टंटचे (दवाखान्यात डॉक्टरांना मदत करणाऱ्या सहायकाचे) लायसन्स कोठे मिळते अशी विचारणा वारंवार होते. कॅलिफोर्नियापुरते याचे उत्तर असे की, राज्य या पदासाठी कोणतेही लायसन्स देत नाही व नोंदणीही करत नाही. त्यामुळे ‘सरकारी लायसन्स’ मिळवून देण्याच्या नावाखाली कोणी शुल्क मागत असेल, तर ते भरू नये. मेडिकल असिस्टंटला स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार नसतो. तो किंवा ती परवानाधारक डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते आणि कामाची कायदेशीर वैधता दोन गोष्टींवर टिकते: ही देखरेख आणि दवाखान्यात जपून ठेवलेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र.

पहिली पायरी काम करण्याच्या परवानगीची आहे. एच-४ व्हिसावरील (एच-१बी नोकरदाराच्या आश्रित जोडीदाराच्या व्हिसावरील) व्यक्तीला केवळ व्हिसाच्या आधारे नोकरी करता येत नाही. जोडीदाराचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डासाठी मालकाने करावयाचा अर्ज) मंजूर झाला असेल, तर २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार आय-७६५ अर्ज करून ईएडी कार्ड, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे कार्ड, घेता येते. रुजू होताना प्रत्येक मालकाला आय-९ फॉर्म भरून घ्यावा लागतो. तेथे वैध ईएडी कार्ड ओळख आणि कामाची परवानगी या दोन्हींचा पुरावा म्हणून चालते.

पात्रतेसाठी वय किमान १८ वर्षे असावे आणि कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलेले किमान तासांचे प्रशिक्षण पूर्ण झालेले असावे. इंजेक्शन व त्वचाचाचणी, रक्त काढणे आणि श्वासावाटे औषध देणे या प्रत्येक गटासाठी १० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. त्याखेरीज स्नायूत, त्वचेखाली आणि त्वचेच्या थरात द्यावयाची इंजेक्शने प्रत्येकी १०, तसेच शिरेतून १० वेळा आणि बोटाला टोचून १० वेळा रक्त काढणे, असा प्रत्यक्ष सराव समाधानकारकपणे करून दाखवावा लागतो. हे प्रशिक्षण कम्युनिटी कॉलेजात घेता येते किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यातच होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात प्रमाणपत्रावर प्रशिक्षणाचे ठिकाण, तारीख, विषय आणि कालावधी यांचा लेखी उल्लेख असणे आवश्यक आहे. ‘प्रशिक्षण पूर्ण’ एवढ्या एका ओळीचे पत्र स्वीकारू नये, कारण नोकरी बदलल्यावर नव्या मालकालाही या प्रमाणपत्राची प्रत नोंदीत ठेवावी लागते.

राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणन परीक्षा ऐच्छिक आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्सचे सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) प्रमाणन त्यांतील जुने असून ते ६० महिने वैध राहते. मोठे दवाखाने जाहिरातीत असे प्रमाणन मागतात, म्हणून कायद्याची सक्ती नसली तरी नोकरीच्या बाजारात त्याला वजन आहे.

कामाच्या मर्यादा मात्र काटेकोर आहेत. औषध देण्यापूर्वी औषध व मात्रा बरोबर असल्याची खात्री डॉक्टरांनी किंवा अन्य योग्य परवानाधारकाने प्रत्येक वेळी करावी लागते. क्षयाच्या त्वचाचाचणीची गाठ मोजून केसपेपरवर तिची नोंद करता येते, पण त्या नोंदीचा अर्थ लावता येत नाही. सलाइन सुरू करणे, भूल देणारे इंजेक्शन टोचणे आणि फोनवरून रुग्णाच्या तक्रारीची गंभीरता ठरवणे ही कामे निषिद्ध आहेत. भारतातील वैद्यकीय पदवीमुळे या मर्यादा सैल होत नाहीत. ज्यांनी सोलापुरात किंवा साताऱ्यात स्वतःचा दवाखाना चालवला आहे, त्यांना हे अवघड जाते आणि ते समजण्यासारखे आहे, तरी कॅलिफोर्नियात मेडिकल असिस्टंटने रुग्णाला निदान सांगणे म्हणजे विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय ठरतो.

मोठ्या रुग्णालयांतील आंतररुग्ण विभागात या पदावर नेमणूक करता येत नाही, त्यामुळे अर्ज बाह्यरुग्ण दवाखान्यांकडेच करावेत. प्रयोगशाळेत केवळ रक्त काढण्याची नोकरी हवी असेल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे फ्लेबोटॉमीचे (रक्त काढण्याच्या कामाचे) प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा अर्ज स्वतंत्र असतो.