आल्प्समध्ये स्कीइंगला जायचंय? शेंगेन व्हिसाचा अर्ज नेमका कुठे अडकतो

गणपती उठले की मला फोन सुरू होतात. “नाताळात आल्प्सला जायचंय, मुलांना स्कीइंग शिकवायचंय, व्हिसाचं कसं करायचं?” आणि नोव्हेंबर संपता संपता त्यातल्याच काहींचा दुसरा फोन. “रिजेक्ट झाला हो. खात्यात पैसे तर भरपूर होते!” फाइल मागवून बघितली की बहुतेकदा पैशांचा प्रश्न नसतोच. तिकीट एक सांगत असतं, हॉटेल दुसरं, विमा तिसरं, आणि अर्ज केलेला असतो चौथ्याच देशाकडे. अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतात. ते आपापसात भांडायला लागले की तो नकाराच्या छापील फॉर्मवर एका चौकटीत खूण करतो आणि पुढची फाइल घेतो.

देश विमानतळावरून ठरत नाही

बर्फाच्या सहलीत सगळ्यात जास्त अर्ज इथे घसरतात. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. नियम असा की त्यातल्या ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारख्याच रात्री असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. वाचायला सोपं वाटतं. पण आल्प्समध्ये विमान एका देशात उतरतं आणि स्कीचं गाव दुसऱ्या देशात असतं. शामोनी किंवा व्हाल तोरांसला जाणारे जिनिव्हाला उतरतात, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, पण झोपतात फ्रान्समध्ये. इन्सब्रुक आणि किट्सब्यूलला जाणाऱ्या कितीतरी लोकांचं विमान म्युनिकचं, म्हणजे जर्मनीचं, आणि मुक्काम ऑस्ट्रियात. सांक्ट आंटोन ऑस्ट्रियात, पण झुरिकवरून गाडीने जाणं सोयीचं.

मागे पुण्याच्या एका कुटुंबाने सहा रात्री फ्रान्समधल्या स्की गावात आणि शेवटची एक रात्र जिनिव्हात अशी बुकिंग केली, आणि अर्ज भरला स्वित्झर्लंडचा. कारण काय, तर “उतरतोय तिथेच ना”. काउंटरवरच्या मुलीने हॉटेलचे कागद चाळले आणि फाइल परत सरकवली. तोवर फ्रान्सच्या डिसेंबरच्या अपॉइंटमेंट संपल्या होत्या. सहल फेब्रुवारीवर गेली, आणि फेब्रुवारी म्हणजे तिकडच्या शाळांच्या सुट्टीचा, सगळ्यात महागाचा काळ.

याच्या उलटही चालतं. एखाद्या देशाच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून काही एजंट दुसऱ्या देशातल्या खोट्या रात्रींची बुकिंग जोडून देतात आणि व्हिसा आला की ती रद्द करतात. हे करू नका. मिळालेला व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो, आणि सीमेवर उत्तरं तुम्हाला द्यायची असतात, एजंटला नाही.

झर्माटला राहून स्की घालून इटलीतल्या चर्व्हिनियाला जेवायला जाता येतं, वाटेत कुणी पासपोर्ट मागत नाही. म्हणून काही अर्ज दोन देशांचा होत नाही. रात्री मोजा, अर्ज स्वित्झर्लंडचा.

१५ दिवस आणि ६ महिने

प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो. यातले १५ दिवस लोक चुकीचे वाचतात. “१५ दिवसांत व्हिसा मिळतो” असा त्याचा अर्थ नाही. निघायला १५ दिवसांहून कमी उरले असताना आलेला अर्ज साधारणपणे घेतलाच जात नाही, एवढाच आहे. निर्णयालाही नियमाने १५ दिवस असतात, आणि जास्त तपासणी करायची ठरवली तर ते ४५ पर्यंत वाढवता येतात. म्हणजे १९ डिसेंबरला निघायचं असेल तर अर्जाचं दार १९ जूनला उघडतं आणि ४ डिसेंबरला बंद होतं. पण ४ डिसेंबरला अर्ज देऊन ४५ दिवसांची वेळ आली तर उत्तर येईपर्यंत संक्रांत उलटून गेलेली असेल. शिवाय ही मुदत अर्जाची आहे, अपॉइंटमेंट कधी मिळेल त्याची हमी कुणीच देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कागद जमवा, सप्टेंबरात फाइल द्या. मध्ये कुठे परदेशी जायचं ठरवू नका, पासपोर्ट त्यांच्याकडे अडकलेला असतो.

विमा: व्हिसाला पुरतो, बर्फाला पुरत नाही

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात धरलेला हवा, आणि त्यात आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही हवा. इथे दोन खड्डे आहेत.

पहिला तारखांचा. आपण “शुक्रवारी रात्री निघतोय” म्हणतो, पण विमान सुटतं रात्री दीड वाजता, म्हणजे शनिवारी. परतताना शनिवारी संध्याकाळी जिनिव्हाहून निघून फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल आणि तिथेच बारा वाजून गेले, तर रविवारही शेंगेनमध्येच मोजला जातो. एका बाईंचा विमा असा बरोब्बर एका दिवसाने कमी पडला होता. एजंटने रात्री मोजल्या होत्या, दिवस नाही. सात रात्री म्हणजे आठ दिवस, कारण पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात. मी तर पुढेमागे दोन-तीन दिवस जास्तच घ्यायला सांगतो.

दुसऱ्या खड्ड्याकडे व्हिसा अधिकारी बघत नाही, म्हणून आपणही बघत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि स्कीइंग त्यातच येतं. तो कागद व्हिसाला चालतो, पण उतारावर पाय मोडला तर बिल तुमचं. ऑस्ट्रियात डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणलं तर त्याचे पैसे घेतात. फ्रान्समध्ये स्कीच्या आखलेल्या उतारांवरून केलेल्या बचावाचा खर्च तिथली ग्रामपंचायत वसूल करू शकते. तिथे लिफ्टच्या पासबरोबर दिवसाला थोडे युरो देऊन वेगळा बर्फाचा विमा मिळतो, तो घ्या. इटलीने तर १ जानेवारी २०२२ पासून उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाला, दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा केला आहे. तो नसेल तर दंड होतो. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ‘विंटर स्पोर्ट्स’ हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या, फोनवरच्या “हो हो, सगळं कव्हर होतं” वर जाऊ नका.

राहण्याच्या कागदावर नाव कुणाचं?

स्कीच्या गावांत हॉटेलपेक्षा अपार्टमेंट आणि शॅले, म्हणजे डोंगरातली लाकडी घरं, जास्त, आणि हंगामात ती बऱ्याचदा शनिवार ते शनिवारच मिळतात. आठ मित्र मिळून एक शॅले घेतात आणि बुकिंगवर नाव फक्त एकाचं, ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्याचं. बाकी सातांच्या फाइलमध्ये राहण्याचा पुरावा शून्य. मालकाला एक मेल करून सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशी बुकिंगवर घालून घ्या, आणि ज्याने पैसे भरले त्याच्याकडून एक साधं पत्रही. विमानाचं पक्कं तिकीट मात्र आधी काढायची गरज नाही, आरक्षण पुरतं. शॅलेवाले आगाऊ पैसे मागतात, तेव्हा निदान रद्द करण्याच्या अटी वाचून मगच द्या.

दिवसवार कार्यक्रमाचा कागदही फाइल देण्याआधी एकदा वाचा. एजंटच्या छापील नमुन्यात पॅरिस, रोम, आयफेल टॉवर असं सगळं असतं आणि बुकिंग असतं आठही दिवस बर्फातल्या गावात. त्यापेक्षा चार ओळी स्वतः लिहा: या तारखेला पोचणार, या स्की शाळेत मुलांचे पाच दिवसांचे वर्ग, या दिवशी परत. शाळेची बुकिंग जोडली तर उत्तमच.

उत्पन्नाचे कागद

खात्यातली रक्कम किती हवी, याचा सगळ्या युरोपला एक आकडा नाही. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला सुमारे १०० फ्रँक धरतं. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर ६५ युरो धरतं. पण आकड्यापेक्षा खात्याची चाल बघतात. महिनोन् महिने चाळीस हजारांवर असलेलं खातं अर्जाच्या आदल्या आठवड्यात आठ लाखांवर गेलं, तर ते कुणी आणून ठेवले हे अधिकाऱ्याला सांगावं लागत नाही. एफडी मोडली असेल, जमीन विकली असेल तर त्याचा कागद लावा.

नोकरदारांचं सोपं असतं: पगाराच्या पावत्या, रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरणपत्राच्या पोचपावत्या. फॉर्म १६ म्हणजे विवरणपत्र नव्हे, दरवर्षी कुणीतरी तेच घेऊन येतं. दुकानदाराने गुमास्ता आणि जीएसटी नोंदणी लावावी.

अडतो तो बागायतदार. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, आणि व्हिसाच्या कागदांच्या यादीत तर ते ठळक लिहिलेलं असतं. द्राक्षबागेवर पोरांना आल्प्स दाखवू शकणारा माणूस काउंटरवर असा उभा राहतो, जणू काही त्याचं उत्पन्नच नाही. सातबारा आणि आठ अ घ्या, पण मराठीतला उतारा तसाच देऊ नका. इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. सोबत माल विकल्याच्या पट्ट्या, ती रक्कम जमा झालेली बँक स्टेटमेंटं, आणि विवरणपत्र का नाही हे सांगणारं एक पत्र. हे पत्र कुठल्याच यादीत नसतं, आणि काम बऱ्याचदा त्यानेच होतं.

गृहिणीचा खर्च नवरा करणार असेल तर लग्नाचा दाखला मागतात. १९८५ साली लग्न झालेल्यांकडे तो कुठून असणार? लग्नाची नोंदणी उशिराही करता येते, पण पत्रिका, साक्षीदार, भटजी हे सगळं जमवायला वेळ जातो. पासपोर्टवर सासरचं नाव आणि बँकेत माहेरचं असेल तर हे काम आधी हाती घ्या. मुलाबरोबर आईवडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो.

बाकीचं साधं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन कोरी पानं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. बोटांचे ठसे, ते गेल्या ५९ महिन्यांत दिलेले असतील तर साधारणपणे पुन्हा लागत नाहीत, १२ वर्षांखालच्या मुलांना तर नाहीच. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

नकार आला तर

फॉर्मवर कारणाच्या चौकटीत खूण असते. ‘प्रवासाचा हेतू पटला नाही’ अशी खूण असेल तर बुकिंग आणि कार्यक्रमातला विसंवाद शोधा. अपील करता येतं, त्याची मुदत आणि पद्धत देशागणिक वेगळी असते, ती त्याच फॉर्मवर लिहिलेली असते. मोडलेली फाइल जशीच्या तशी दुसऱ्या देशाकडे देऊन बघू असा विचार कराल तर आधीचा नकार सगळ्या शेंगेन देशांना पडद्यावर पाच वर्षं दिसतो. लपवण्यात अर्थ नाही, काय दुरुस्त केलं ते सांगा.

आणि व्हिसा आला तर स्टिकर तिथल्या तिथे वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवस. आठ दिवसांच्या सहलीला स्टिकरवर मुदत १९ डिसेंबर ते १० जानेवारी दिसेल, कारण विमान चुकलं-हुकलं तर म्हणून १५ दिवस वर दिलेले असतात. पण खाली दिवसांच्या रकान्यात ८ लिहिलेले असतात, आणि राहायचे तेवढेच. मुदत बघून थर्टी फर्स्ट तिकडेच करायचं ठरवणारे दरवर्षी एक-दोन भेटतात. पूर्वी शिक्के मोजायचा कंटाळा करून कुणी सोडलंही असेल. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, ती नववा दिवस स्वतःच मोजते.